धाकट्या जावेचा जर्मन परवाना

माझी धाकटी जाऊ तियाना डॉक्टर आहे. डॉक्टर मीही आहे, पण सर्बियातल्या आमच्या लेस्कोवात्स गावात कुणालाही विचारा, स्तामेनाबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या घरात एकच डॉक्टर आहे असंच सांगतील. मी शेवाळाची डॉक्टर. निशच्या विद्यापीठात माझं आयुष्य शेवाळ बघण्यात गेलं. कुठलं दगडावर वाढतं, कुठलं झाडावर, कशानं मरतं आणि कशानं तगतं, हे मला विचारा. पण शेवाळाला रक्तदाब नसतो आणि ते बरं झालं की कुणाच्या दारात अंडी घेऊन येत नाही.

तियानाच्या दारात लोक येत. सकाळी सरकारी दवाखान्यात ती ज्यांना तपासायची, तेच संध्याकाळी अंडी, चीज, मिरच्या, घरची आलुबुखाऱ्याची दारू घेऊन जिना चढायचे. एकदा तर एकानं जिवंत कोंबडी आणली आणि ती माझ्याच गॅलरीत दोन दिवस बांधून ठेवली, कारण वरच्या मजल्यावर तिला ऊन लागत होतं. सासूबाई अंगणात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "धाकटी सून डॉक्टर. थोरली पण शिकलेली आहे हां, ती जंगलात जाते."

आता हयात नसलेल्या सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा तळमजला स्वतःला, पहिला थोरल्या द्रागिशाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, आणि दुसरा धाकट्या वुकाशिनला अशी वाटणी केली. दुसऱ्या मजल्याला बाहेरून आजही गिलावा नाही, नुसत्या लाल विटा. माझ्या मजल्याला गिलावा आहे, रंग आहे, फुलांच्या कुंड्या आहेत. तरी मला कायम वाटायचं की चांगलं ते वरच गेलं. उजेड वर, वारा वर, आणि हसण्याचा आवाज वर. खाली येतो तो तिच्या पावलांचा धपधप आवाज. माणूस बारीक, पण चाल अशी, की जणू कपाट सरकवतायत.

ती या घरात आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिची आई ती शाळेत असतानाच गेलेली, वडिलांनी दुसरं लग्न केलेलं. त्यामुळे सासूबाईंचा जीव तिच्यावर पहिल्या दिवसापासून जडला. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी आई धडधाकट होती, हीच माझी चूक. मला पहिल्या दिवशी कांदे चिरायला बसवलं होतं. तियानाला पहिल्या दिवशी विचारलं, "पोरी, तुला काय खावंसं वाटतं?"

तिला स्वयंपाक येत नव्हता. मीठ विसरायची, डाळ करपवायची. सकाळी उठून डोकं धुवायची आणि तशीच ओल्या केसांनी दवाखान्यात पळायची. सासूबाई खिडकीतून ओरडायच्या, "अगं, मेंदूला सूज येईल. डॉक्टर आहेस का कोण आहेस?" आमच्याकडे ओल्या केसांनी बाहेर पडणं म्हणजे मरण ओढवून घेणं. तियाना अंगणातूनच हात हलवायची आणि म्हणायची, "आई, असं काही नसतं, पुस्तकात नाही." सासूबाईंना त्याचंही कौतुक.

दवाखान्यात तिला पुढच्या शिक्षणासाठी पाठवतो पाठवतो म्हणून वर्षानुवर्षं झुलवत ठेवलं. भूलतज्ज्ञ व्हायचं होतं तिला. दरवर्षी जागा निघायची, दरवर्षी कुणाचा तरी भाचा निघायचा. मग एका हिवाळ्यात माझ्या छतातून जर्मन ऐकू यायला लागलं. वरच्या मजल्यावर माझा दीर वुकाशिन पलंगावर पडून कण्हायचा आणि ती त्याला विचारायची, कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, दुखणं टोचल्यासारखं की दाबल्यासारखं. तो गाडी चालवणारा माणूस, त्याला कण्हण्यापलीकडे जर्मन येत नव्हतं. कण्हायचा मात्र झकास.

मी द्रागिशाला म्हटलं, "वर जर्मनीची तयारी चाललीये."

"कुणी सांगितलं तुला?"

"छतानं."

"मग छताला सांग गप्प बसायला," तो म्हणाला आणि बातम्या बघायला लागला. माझ्या नवऱ्याला जर्मनी, अमेरिका, चंद्र सगळं सारखंच. त्याला पाणीपुरवठ्यातली नोकरी आणि मागच्या अंगणातली दारूची भट्टी सोडून कुठं जायचं नसतं.

मला कुणी काही सांगितलं नाही. आमच्याकडे चांगली गोष्ट पूर्ण होईपर्यंत कुणी बोलतच नाही, दृष्ट लागते म्हणून. पोट दिसायला लागेपर्यंत बाई गरोदर नसते, आणि पासपोर्टात शिक्का पडेपर्यंत कुणी कुठं चाललेलं नसतं. मीही सांगितलं नाही. कारण मीसुद्धा त्याच हिवाळ्यात उत्तर जर्मनीतल्या एका संस्थेला लिहायला लागले होते.

यात मला पहिल्यांदाच तिच्यापेक्षा सोपं मिळालं होतं, आणि ते मला फार आवडलं होतं. डॉक्टरला तिथं जायचं तर आधी पदवीचे सगळे कागद शपथ घेतलेल्या सरकारमान्य दुभाष्याकडून भाषांतरित करायचे, मग भाषेची परीक्षा, मग डॉक्टरी भाषेची वेगळी परीक्षा, मग तात्पुरती परवानगी, मग ज्ञानाची परीक्षा, आणि मग कुठं तो कायमचा परवाना. संशोधकाचं तसं नाही. संस्थेनं ठेवून घेतो असं लिहून दिलं की काम झालं. शेवाळाशी जर्मन बोलावं लागत नाही. वर ती रात्ररात्र कण्हण्याची भाषा पाठ करायची आणि मी खाली शांतपणे चहा प्यायची.

वसंतात ती महिनाभर जर्मनीत जाऊन डॉक्टरी भाषेची परीक्षा देऊन आली. घरात सांगितलं होतं की मैत्रिणीकडे व्हिएन्नाला गेलीये. परत आली ती चेहरा पाडून, आणि आल्या आल्या झोपली. वुकाशिननं दारू प्यायल्यावर द्रागिशाला सगळं सांगितलं, आणि द्रागिशानं मला. परीक्षेत एका नटीला रोगी बनवून बसवतात. हिची नटी म्हणाली, डोकं दुखतंय, मान आखडलीये. ताप आहे का, उलट्या झाल्या का, उजेड सहन होतो का, हे सगळं तियानाला झोपेतसुद्धा येतं. पण घाबरली, आणि तिच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "तुम्ही ओल्या केसांनी बाहेर गेला होतात का?" परीक्षक एकमेकांकडे बघायला लागले. ते बघतायत म्हणून ती आणखी घाबरली आणि केस कसे पुसले, टोपी घातली होती का, यातच निम्मा वेळ गेला. नापास.

दहा वर्षं सासूची थट्टा केली आणि परीक्षेत सासूच तिच्या तोंडून बोलली. मी इतकी हसले की द्रागिशा म्हणाला, "हळू, छताला कान असतात." मला त्या रात्री गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशीही ती उठली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. मला जरा वाईट वाटलं म्हणून मी कोंबडीचं सूप केलं आणि घेऊन खाली गेले, कारण सासूबाईंनी तिला खाली आणून झोपवलं होतं. दार अर्धवट उघडं होतं. तियाना खुर्चीत बसली होती आणि सासूबाई चुलीतले लाल निखारे चिमट्यानं एकेक करून पाण्याच्या भांड्यात टाकत होत्या. दृष्ट कुणाची लागली हे असं बघतात. नाव घ्यायचं आणि निखारा टाकायचा, तरंगला तर तो माणूस निर्दोष, बुडाला तर त्याचीच दृष्ट. शेजारची पेरसा तरंगली. दवाखान्यातली मुख्य बाई तरंगली. तियानाची सावत्र आईसुद्धा तरंगली, हे मला तेव्हाही पटलं नाही.

"झोरित्सा," सासूबाईंनी माझं नाव घेतलं. चर्र झालं आणि निखारा तळाला गेला.

"जाऊ दे आई," तियाना म्हणाली.

"जाऊ दे काय? पी."

आणि सहा वर्षं शरीरशास्त्र शिकलेल्या त्या बाईनं मुकाट्यानं तीन घोट घेतले आणि उरलेल्या पाण्यानं तोंड धुतलं. मी सूप घेऊन परत वर गेले आणि स्वतःच प्यायले. मला सासूबाईंचा राग आला, तियानाचा आला, पण सगळ्यात जास्त राग याचा आला, की निखारा बरोबर बुडाला होता.

त्यानंतर वरचं जर्मन बंद झालं. म्हणजे चालूच होतं, पण कुजबुजत. मी जिन्यात दिसले की बोलणं थांबायचं आणि वुकाशिन हवामानाबद्दल बोलायचा. सहा महिन्यांत ती दुसऱ्यांदा परीक्षेला बसली आणि पास झाली, हे मला पुढच्या वर्षी कळलं, आणि तेही बेलग्रादला, दूतावासाच्या रांगेत.

माझ्या संस्थेचं पत्र आलं होतं. दोन वर्षांचं काम, उत्तरेकडच्या दलदलीतल्या शेवाळावर. मी घरी सांगितलं की नोवी सादला परिषद आहे, आणि पहाटेची बस पकडून बेलग्रादला गेले. रांगेत उभी राहिले आणि पुढच्या बाईचे केस ओले दिसले. मी मनात म्हटलं, नसेल. ती वळली.

"जाऊबाई?"

"तू तर व्रान्येला प्रशिक्षणाला गेलीस ना?"

"आणि तुम्ही परिषदेला."

"परिषदच आहे ही," मी म्हटलं. "सगळे जमलोय की."

मुलाखती झाल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या बेकरीत बुरेक, म्हणजे चीज भरलेली पापुद्र्यांची खारी, आणि दही घेऊन बसलो. तिनं आधी माझ्या पुढ्यात कागदी रुमाल ठेवला. हा तिचा चांगुलपणा मला नेहमीच खुपतो, कारण त्यात खोट काढता येत नाही.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

"मग मीही त्याचसाठी."

"माझी दृष्ट लागू नये म्हणून. सरळ बोल ना. मी दारात उभी होते त्या दिवशी."

तिचा चेहरा पांढरा पडला. "जाऊबाई, मी ते पाणी आईंसाठी प्यायले. त्यांना वाटत होतं की त्या माझ्यासाठी काहीतरी करतायत."

मी तिच्या ताटातला बुरेकचा तुकडा उचलला. मग तिनं सांगितलं, छोट्या गावातलं रुग्णालय आहे, आधी तात्पुरती परवानगी, भूल द्यायच्या विभागात. निळं कार्ड, म्हणजे शिकलेल्या परदेशी माणसांचा राहण्याचा परवाना, मिळालं आणि भाषा येत असली तर एकवीस महिन्यांत कायमचं राहता येतं. लोक मुलांच्या लग्नाबद्दल बोलतात तशी ती त्या एकवीस महिन्यांबद्दल बोलली. मी माझी दोन वर्षं सांगितली. माझी दोन वर्षं संपली की संपली.

"मग आईंना कोण बघणार?" आम्ही दोघी एकदमच बोललो.

"मला वाटलं तुम्ही आहात," ती म्हणाली.

"मला वाटलं तू आहेस."

दृष्टीच्या भीतीनं दोघी एकाच छपराखाली लपूनछपून सामान बांधत होतो, आणि दोघींनी म्हातारीला दुसरीच्या हवाली करून टाकलं होतं. परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारीच बसलो.

जूनमध्ये सासूबाई चेरी काढायला शिडीवर चढल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चालायला आधाराची चौकट आली, आणि प्रश्न जेवणाच्या टेबलावर येऊन बसला. त्या रविवारी भरलेल्या मिरच्या होत्या आणि कुणी जेवत नव्हतं. तोपर्यंत दोघींच्या पासपोर्टात शिक्के पडले होते आणि ते सगळ्यांना कळलं होतं. माझा शिक्का बघून सासूबाई इतकंच म्हणाल्या, "शेवाळाला जर्मनीत कोण विचारतं?"

"एखादी बाई ठेवू," द्रागिशा म्हणाला.

"परकी बाई माझ्या स्वयंपाकघरात फिरणार?"

वुकाशिन मिरचीकडे बघत बसला. तियानाच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी थांबते आई. त्यांना कळवते की वर्षानं येईन."

"मुळीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू जा. तुझं सगळं आयुष्य पडलंय."

मी वाट बघितली. मलाही कुणीतरी म्हणेल, झोरित्सा, तू पण जा, तुझंही आयुष्य आहे. द्रागिशानं ब्रेड पुढे केला. मग मी म्हटलं, "मी थांबते."

सगळ्यांनी श्वास सोडला, आणि तो मला ऐकू आला. त्यांना वाटलं मी त्याग केला. त्याग कसला? मला वाटलं, जर्मनी तुला घे बाई, म्हातारी मला राहू दे. आता हात धरून उठवायला मी, आंघोळ घालायला मी, सकाळच्या कॉफीला समोर मी. मग बघू, त्या कुणाला सून म्हणतात.

आणि मी ते वर्ष जिंकत आणलं होतं, खोटं कशाला सांगू. मी निशचं काम निम्मं केलं. त्यांना चालवलं, त्यांचे केस धुऊन कोरडे केले, त्यांच्याबरोबर त्या तुर्की मालिका बघितल्या ज्यात सगळे एकमेकांना विष घालतात. संध्याकाळी तियानाचा फोन यायचा. सासूबाई तो फोन अंगणात नेऊन पेरसाला दाखवायच्या, हे बघ तिचं स्वयंपाकघर, हा बघ तिचा पांढरा कोट. ज्ञानाची परीक्षा ती वसंतात पास झाली. पुरा परवाना मिळाला, वुकाशिनलाही तिच्या मागोमाग नवरा म्हणून कार्ड मिळालं आणि मालट्रक मिळाला. मी मागे भांडी घासत ऐकायची. पण फोन बंद झाला की घरात आम्ही दोघीच असायचो.

सप्टेंबरात मिरच्या भाजल्या, त्यांची वर्षभराची चटणी, आयवार, घातला. कढईतल्या ढवळण्याला आजवर सासूबाईंशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. त्या खुर्चीत बसून म्हणाल्या, "माझ्यानं आता होत नाही. तूच बघ, झालाय का." मी चमचा घेतला. मग हळूच म्हणाल्या, "मला मुलगी नाही. तू आहेस." मी ते पेरसाला दोनदा सांगितलं. एकदा तिला ऐकू आलं नाही असं वाटलं म्हणून.

त्यानंतर पंधरवड्यानं तियानाचा फोन आला. "आई, इथं एक नियम आहे. आमच्यासारखे जे नव्यानं आले, डॉक्टर, संशोधक, त्यांना आईवडिलांना आणता येतं. नवरा इथं असेल तर सासूलासुद्धा. भाषा यावी लागत नाही. विम्याचं मी बघितलंय. याल?"

मी भांडं तसंच हातात धरून उभी राहिले. मला वाटलं, त्या हसतील. त्या म्हणतील, माझं घर सोडून कुठं येऊ, या वयात?

"लिफ्ट आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"आहे."

"मग येते. तू रात्रपाळीहून येतेस आणि घरात बोलायला कुणी नाही, मला झोप लागत नाही त्यानं."

कागद मीच गोळा केले, कारण रस्ता मला माहीत होता. विधवा असल्याचा दाखला, लग्नाचा दाखला, दुभाष्याच्या खेपा, सगळं मी केलं. बेलग्रादला त्यांना धरून मीच घेऊन गेले. काचेपलीकडच्या बाईनं विचारलं, कुणाकडे चाललात? सासूबाई ताठ उभ्या राहिल्या. "माझी सून डॉक्टर आहे तिथं."

"आणि या कोण?"

"ही पण सूनच. ही मला घेऊन आली."

परवाना मिळाला. त्याच आठवड्यात मी माझ्या संस्थेला पुन्हा लिहिलं. त्यांनी फार सभ्यपणे उत्तर दिलं की जागा भरली आहे आणि पुढच्या कामाला शुभेच्छा. म्हणजे चौथी शिकलेल्या माझ्या सासूला जर्मनीत राहायचं कार्ड मिळणार होतं आणि डॉक्टर झोरित्सा घरी. हे मी द्रागिशाला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं झालं, आता तू सुटलीस." पेरसाही हेच म्हणाली. दवाखान्यात, दुकानात, बसमध्ये सगळे हेच म्हणाले. मीही मान डोलावली. दुसरं काय सांगणार होते, की मला तियानाचा हेवा वाटतो, कारण माझी सासू मला सोडून तिच्याकडे चाललीये?

तियाना त्यांना न्यायला आली. केस कोरडे, अंगावर चांगला कोट, थोडी वजनानं वाढलेली, डोळ्यांखाली काळं. तिनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "जाऊबाई, तुमचे उपकार मी कसे फेडू?" मी म्हटलं, "फेडू नकोस." ती हसली. मी थट्टा केली नव्हती.

सामान गाडीत गेलं. द्रागिशा नि तियाना बाहेर डिकी लावत होते. सासूबाई आधाराची चौकट सरकवत सरकवत आतून दारापर्यंत आल्या. नवा रुमाल डोक्याला, बूट पुसलेले, ते मीच पुसले होते.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होतात मला मुलगी नाही, तू आहेस."

"म्हणाले होते."

"मग?"

"मग काय? तू खंबीर आहेस, झोरित्सा. ती नाही. आई खंबीर मुलीपाशी राहते का कधी?"

बाहेर गाडी सुरू झाली.

"रागावलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग दारातून बाजूला हो ना गं पोरी. मला जाता येत नाहीये."

मी बाजूला झाले. पण लगेच नाही.